उशिराचं कारण

माझ्या घराच्या मागच्या दोन खोल्यांच्या दाराशी एक काळा फळा टांगलेला असायचा. दीड हात लांब, खाली सुतळीला खडू बांधलेला. पांढऱ्या रंगाने त्यावर कायमचे चार रकाने आखलेले होते: कुठे, सुटण्याची वेळ, परत येण्याची वेळ, आणि शेवटचा उशिराचं कारण. त्या खोल्यांत माझे भाडेकरू राहायचे. आर्वीच्या एसटी डेपोत तीस वर्षं त्यांनी कंट्रोलर म्हणून काढली. कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागली ते माइकवरून पुकारायचं काम. निवृत्त झाल्यावर कोणी शेती बघतं, कोणी पोथी घेतं. यांनी फळा घेतला.

दळण आणायला निघाले तरी आधी लिहायचे: गिरणी, ९.१०, ९.४०. परत आले की घड्याळ बघायचे, आणि पाच मिनिटं जरी वर झाली असली तरी चौथा रकाना भरायचे. सोयाबीनचा ट्रॅक्टर आडवा. कटिंगवाल्याचं बोलणं. एकदा नुसतंच लिहिलं होतं, ‘उगीच’. मी एकदा विचारलं, भाऊ, हे वाचतं तरी कोण? तर म्हणाले, “वाचो की न वाचो ताई, प्रवाशाले माहिती असली पाह्यजे.”

सगळी गल्ली त्यांना कंट्रोलर साहेब म्हणायची. मी भाऊ म्हणायची. आता ते पुण्याला असतात आणि मागच्या खोल्यांत दुसरं बिऱ्हाड आहे. फळा मात्र ते मला देऊन गेले. का, ते शेवटी तुम्हीच ओळखाल.

तर त्यांचा आवाज. तीस वर्षं माइकपुढे बसलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही, हे मला त्यांच्यामुळे कळलं. आणि मनातल्या मनात काही ठेवताही येत नसे. जे सुचेल ते तोंडावाटे बाहेर. सकाळी अंघोळीला निघाले की भिंतीपलीकडून ऐकू यायचं, “पाणी तापलेलं आहे, बादली लागलेली आहे.” डाळ शिजत आली की, “गॅसवरची डाळ दोन मिनिटांत उतरत आहे.” प्रत्येक गोष्ट दोनदा पुकारायची, हा डेपोचा नियम, तो घरातही. समोरची शेजारीण म्हणायची, कंट्रोलर साहेबाची डाळ उतरली की मी माझा कुकर लावते, मले घड्याळाचं काम नाई.

एवढा बोलका माणूस, पण रविवारी सकाळी फळ्यावर एक ओळ असायची ती बघून मला दर वेळी वाईट वाटायचं. फोन (पुणे), १०.००, १०.०४.

पुण्याला त्यांची मुलगी. एकुलती एक, कॉम्प्युटरच्या कंपनीत. वहिनी होत्या तोवर फोन त्यांच्या हातात असायचा आणि तासभर चालायचा. त्या गेल्या आणि फोन यांच्याकडे आला. स्पीकर लावूनच बोलायचे, त्यामुळे मला इच्छा नसली तरी सगळं ऐकू यायचं. जेवली काय? हो बाबा, तुम्ही? जेवलो. काम कसं आहे? चालू आहे. बरं. बरं. मग दोघंही गप्प, आणि मग कोणीतरी ठेवतो म्हणायचं. चार मिनिटं. एकदा मला म्हणाले, “ताई, आमचा फोन म्हणजे वेळेवर सुटणारी गाडी आहे. भरली नाई तरी सोडाच लागते.”

त्यांनी स्वतःच सांगितलं एकदा, की काम कसं आहे विचारल्यावर ती चालू आहे म्हणते, आणि पुढचं वाक्य आपल्याला येत नाही. पोरगी दिवसाचे दहा तास काय करते तेच बापाला ठाऊक नाही, तर विचारणार काय? मला त्या पुढच्या वाक्यापुरतं तरी शिकायचं आहे, म्हणाले. मला वाटलं वर्तमानपत्रात काही वाचतील. दुसऱ्या महिन्यात कळलं की साहेबांनी एका विद्यापीठाच्या घरबसल्या शिकायच्या संगणकाच्या कोर्सात नाव घातलं. वय वर्षं त्रेसष्ट. मुलीला मात्र सांगायचं नाही. पास झाल्यावर, कागद हातात घेऊन सांगायचं, असं पक्कं केलेलं.

आता माझं थोडं सांगते, कारण त्याचा इथं संबंध आहे. मी शिवणकाम करते. सातवीपर्यंतची शाळा, आणि शिवण तर मला कोणीच शिकवली नाही. आईचा एक जुना ब्लाउज टाका टाका उसवून मी त्याचे तुकडे पेपरवर पसरले आणि भोवती पेन्सिल फिरवली. उसवता उसवता शिवण आली. तिथून पुढे चाळीस वर्षं समोरच्या खोलीत माझी मशीन चालू आहे, आणि गिऱ्हाईक येईस्तोवर हाताला येईल ते वाचायची सवय आहे. म्हणून असेल, पण मोठेपणी काही नवीन उसवायला बसलेल्या माणसाबद्दल मला आधीपासून माया.

त्यांचं शिकणं बघण्यासारखं असायचं. व्याख्यान आधीच भरून ठेवलेलं, हे त्यांना ठाऊक होतं. तरी पडद्यावर प्राध्यापक आले की हे खुर्चीवरून उठून नमस्कार सर म्हणायचे आणि मग बसायचे. शंका आली की हात वर. सर थांबत नसत, मग हे स्वतःच बटण दाबून त्यांना थांबवायचे, शंका वहीत उतरवायचे आणि ‘धन्यवाद’ म्हणून पुढे चालू करायचे. त्या यंत्रात शिकवणं भरभर पळवायचीही सोय असते म्हणे. मी म्हटलं, पळवा की थोडं, रोज दोन-दोन तास बसता. तर त्यांना ते पटलं नाही. “मास्तरले घाई करू नये ताई. ड्रायव्हरले करतो काय आपण?”

कोर्स सगळा इंग्रजीत आणि यांचं इंग्रजी ब्रेकडाउन, डायव्हर्शन, कॅन्सल एवढ्यापुरतं. शब्दकोश मांडीवर घेऊन त्यांनी सुरुवातीचे विषय ओढत नेले. अडले ते ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंग नावाच्या पेपरात. नाव म्हणायलाच मला आठ दिवस लागले, पण मी म्हणायला शिकले, कारण संध्याकाळी चारच्या चहाला ते वही घेऊन माझ्या खोलीत स्टुलावर बसायचे आणि दिवसभराचं मला सांगायचे. सांगितल्याशिवाय त्यांच्या डोक्यात काही राहतच नसे.

पहिलाच धडा क्लासचा आणि ऑब्जेक्टचा. तीन दिवस घोळत होते. क्लास म्हणजे वस्तू नव्हे, वस्तू कशी असावी त्याचं लिहून ठेवलेलं रूप, आणि ऑब्जेक्ट म्हणजे त्यावरून तयार झालेली खरी वस्तू. हे वाचलं की समजायचं आणि वही मिटली की जायचं. मी काज करत होते. भिंतीवर माझ्या कटिंगचे खाकी कागद टांगलेले असतात, छत्तीसचा, अडतीसचा, चाळीसचा. मी सहज म्हटलं, म्हणजे हा माझा कागद झाला. एका कागदावरून मी शंभर ब्लाउज कापते, कोणाचा लाल, कोणाचा हिरवा, पण कागद काही कोणी अंगात घालत नाही.

ते उठून उभे राहिले. “ताई, पुन्हा सांगा.”

मी पुन्हा सांगितलं. त्यांनी वहीत लिहिलं, कागद कोणी अंगात घालत नाई, आणि खाली दोन रेघा ओढल्या.

तिथून त्यांची गाडी चालू लागली. पुढचे धडे त्यांनी स्वतःच एसटीत बसवले. आतला कारभार झाकून ठेवायचा, बाहेर फक्त दोन-चार दांडे ठेवायचे, असा एक धडा होता. त्यावर म्हणाले, हे तर आमचंच. इंजिनात काय चाललं ते कंडक्टरने बघायचं नाही, दोरी ओढायची, एक घंटी थांबा, दोन घंटी चला. मग आला वारशाचा धडा. एका क्लासवरून दुसरा काढायचा, तो पहिल्याचं सगळं घेतो आणि हवं ते बदलतो. पहिल्याला बाप म्हणायचं, दुसऱ्याला लेक. पुस्तकातही असंच म्हणतात, त्यांनी मला पान दाखवलं.

या धड्यावर त्यांनी घरी एक प्रोग्राम लिहिला आणि तो चालेना. चार दिवस पडद्यावर तीच लाल अक्षरं, चूक आहे म्हणून. डेपोत कागदपत्रं कुलपात ठेवायची सवय, म्हणून बापाच्या क्लासमध्ये यांनी जे जे लिहिलं त्या सगळ्यापुढे प्रायव्हेट शब्द लावला. पाचव्या दिवशी चहाला आले ते एकदम शांत. इतके हळू बोलू शकतात हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

म्हणाले, “बापाचं जे प्रायव्हेट आहे ना ताई, ते लेकीलेही दिसत नाई. असतं तिच्यात, पण तिले हात लावता येत नाई. बापानंच एखादा रस्ता उघडा ठेवाव लागते.”

मी मशीन थांबवली. मग त्यांनी सांगितलं ते मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. मुलगी बारावी झाली तेव्हा यांनी तिच्यासाठी सेवाग्रामला नर्सिंगचा अर्ज आणून ठेवला होता. दवाखान्यात नोकरी लागेल, जवळ राहील. तिनं आईला आपल्या बाजूने वळवलं आणि पुण्याला कॉम्प्युटर शिकायला जायचं ठरवलं. यांनी बोलणं टाकलं. ती निघाली त्या दिवशी यांची ड्यूटी होती. वर्धेपर्यंत बस, तिथून रेल्वे. यांना केबिनच्या काचेतून मायलेकी तीन नंबरच्या फलाटावर बसलेल्या दिसत होत्या. उठून जावं असं फार वाटलं, गेले नाहीत. माइक उघडला आणि वर्धेची गाडी पुकारली, जशी रोज पुकारायची तशीच.

“पण तीनदा पुकारली,” म्हणाले. “नियम दोनदाचा. तीस वर्षांत तेवढी एकच गाडी मी तीनदा पुकारली. तिले काय ठाऊक?”

चहा थंड झाला होता. मी दुसरा केला.

परीक्षा घरूनच होती. कॉम्प्युटरच्या कॅमेऱ्यापुढे तीन तास बसायचं, खोलीत दुसरं कोणी नको, नजर इकडेतिकडे नको, आणि तोंडातून आवाज नको, कारण आवाज आला की आतलं यंत्र समजतं की कोणाला तरी विचारत आहेत. तीन इशारे झाले की पेपर बंद. हे सगळं त्यांनी मला आदल्या दिवशी वाचून दाखवलं. दोघांच्याही ध्यानात आलं नाही, बघा. मी म्हटलं, शुभेच्छा, आणि फळ्यावर लिहिलं गेलं: परीक्षा, ११.००, २.००.

सव्वाअकराला भिंतीपलीकडून, इंग्रजी प्रश्नाचं मराठी करून, आवाज आला, “प्रश्न क्रमांक चार. खालील प्रोग्राममधील चूक शोधा.” मग पुन्हा एकदा तेच. माझ्या हातातली कात्रीच थांबली. पडद्यावर पहिला लाल इशारा आला असणार, कारण लगेच दुसरं ऐकू आलं, “सूचना मिळाली, धन्यवाद.” हा झाला दुसरा इशारा. आणि मग खूप खेदाने, “क्षमस्व.” तिसरा.

अकरा वीसला ते बाहेर आले आणि फळ्यावरचं २.०० पुसून तिथं लिहिलं, रद्द. चौथ्या रकान्यात, चालकाची चूक.

त्या पेपराची आणखी एकच संधी होती, सहा महिन्यांनी. ती गेली की पुन्हा पहिल्यापासून सगळा कोर्स. आणि मुख्य म्हणजे कागद हातात आल्याशिवाय मुलीला सांगायचं नाही हे तसंच. पुढे आठ दिवस त्यांनी काहीच पुकारलं नाही. डाळ कधी उतरली ते कोणाला कळेना. शेजारीण माझ्या दारात येऊन म्हणाली, “काऊन वं ताई, कंट्रोलर साहेबाची गाडी फेल झाली काय? माह्या कुकरचा टाइम चुकून राह्यला.” चेष्टा होती, पण तिलाही करमत नव्हतं.

उपाय माझ्या तोंडात होता, अक्षरशः. पायजम्याचा काठ दुमडताना मी टाचण्या ओठांत धरते. चाळीस वर्षांची सवय. टाचण्या तोंडात असल्या की मी, इतकी बडबडी बाई, एक शब्द बोलत नाही, गिऱ्हाइकाला हं नाही की चूं नाही. ते स्टुलावर बसून माझ्याकडे बघत होते आणि मी त्यांच्याकडे, आणि दोघांनाही एकदमच सुचलं. टाचण्या कशा देणार? मी डबा उपसला आणि कोटाचं एक मोठं बटण काढलं, चार भोकांचं, स्वच्छ धुऊन दिलं. म्हटलं, दातात धरा आणि ओठ मिटा. त्यांनी आधी परीक्षेचे नियम दोनदा वाचून काढले. बटणाबद्दल त्यात काही नव्हतं.

सहा महिने सराव. रोज चार ते सहा ते माझ्या खोलीत बटण तोंडात धरून कागदावर प्रोग्राम सोडवायचे. मुद्दाम गिऱ्हाइकांच्या गर्दीत. बाया विचारायच्या, साहेब, वर्धेची साडेपाचची आहे की गेली? तीस वर्षं ज्या प्रश्नाला झोपेतही उत्तर दिलं तो प्रश्न, आणि त्यांच्या गालाचे स्नायू हलायचे. पहिल्या महिन्यात चार वेळा बटण जमिनीवर पडलं आणि साडेपाचची माहिती दोनदा मिळाली. पुढे पुढे पडायचं थांबलं. मग त्यांनी स्वतःच मला सांगितलं की गप्प बसल्यावर एक गंमत होते, विचार तोंडावाटे निघून न जाता आतच फिरत राहतो आणि फिरून फिरून त्याला दुसरी बाजू दिसते. त्रेसष्टचे चौसष्ट झाल्यावर हे कळलं, म्हणाले.

परीक्षेच्या दिवशी मी तीन तास मशीन बंद ठेवली. लग्नसराई होती, पाच ब्लाउज कापून पडले होते, पडू दिले. दाराच्या पायरीवर बसून राहिले. भोंगा लावून आलू-कांदे विकणारा गाडीवाला वळला तसा मी त्याला हातानेच परत पाठवला. म्हणाला, कोणी गेलं काय बाई? म्हटलं, नाही, शिकून राह्यले. भिंतीपलीकडून तीन तासांत फक्त कळा दाबल्याची टकटक आली, तीही थांबत थांबत.

दोनला बाहेर आले. ओठ अजून मिटलेले. फळ्यावरची वेळ बरोबर होती, चौथा रकाना भरायची गरज नव्हती. मग बटण काढून रुमालात गुंडाळलं. शेवटचा प्रश्न बापाच्या प्रायव्हेटचाच होता, म्हणाले. लेकीला ते दिसावं यासाठी काय कराल, लिहून दाखवा.

“लिहिलं काय?” मी विचारलं.

“लिहिलं. अन् आता रिझल्टची वाट पाह्यची नाई ताई.”

निकाल पुढे दीड महिन्याने लागला आणि ते काठावर पास झाले, हे सांगून टाकते, कारण परीक्षेनंतरच्याच रविवारी त्याला काही किंमत उरली नाही.

त्या रविवारी फळ्यावर रोजचीच ओळ होती. परत येण्याची वेळ ते आधीच लिहून ठेवायचे, १०.०४. मी अंगणात काज करत बसले होते. स्पीकर चालू. जेवली काय? हो बाबा. काम कसं आहे? चालू आहे. बरं. मग नेहमीचं गप्प बसणं आलं, आणि त्यात यांचा डेपोतला आवाज घुमला. “आज कोणता क्लास लिहिला?”

पलीकडून, “काय म्हणालात बाबा?”

त्यांनी नियमाप्रमाणे दुसऱ्यांदा पुकारलं.

ती हसायला लागली. मग आधी भीतभीत, मग भरभर सांगू लागली, कुठल्याशा दवाखान्याच्या नोंदींचं काम, त्यात पेशंटचा क्लास, त्यावरून काढलेले दुसरे. हे मधेमधे हो म्हणत होते आणि एकदा तर म्हणाले, मग ते पब्लिक काऊन ठेवलं? तिनं कारण सांगितलं. यांना पटलं नाही. दोघं वाद घालू लागले. दहा वाजून वीस मिनिटं झाली होती.

मग तिनं विचारलं, “बाबा, पण तुम्ही हे काऊन शिकले?”

माझी सुई थांबली.

“तू गेली ना त्या दिवशी,” ते म्हणाले, “वर्धेची गाडी मी तीनदा पुकारली होती.”

आणि मग स्पीकर बंद झाल्याचा टक्‌ आवाज आला. पाठोपाठ दार लागलं. इतक्या वर्षांत ते दार दिवसा कधी लागलेलं मी बघितलं नव्हतं. त्यामागून हळू, अगदी हळू बोलणं येत होतं, शब्द कळत नव्हते, कळावे असं मलाही वाटलं नाही.

साडेअकरा वाजले. शेजारीण फाटकातून डोकावली, साहेबाच्या डाळीचं काय म्हणून. मी तिला बोटाने गप्प केलं. फळ्यावर १०.०४ तसंच होतं आणि ते आता खोटं दिसत होतं. मी जाऊन पदराने ते पुसलं. तिथं काय लिहावं ते मला ठरवता येईना, म्हणून तो रकाना मोकळा सोडला. मग सुतळीचा खडू हातात घेतला आणि माझ्या वाकड्या अक्षरात चौथा रकाना भरला.

बाप-लेक बोलून राह्यले.